पहिल्या प्याल्याच्या आधी

दारूने मेंदू बिघडतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण दारूचा थेंबही घेण्यापूर्वी त्या मेंदूत काही वेगळे असते का? 'एकच प्याला'तल्या सुधाकराचा ऱ्हास गडकऱ्यांनी पहिल्या प्याल्यापासून दाखवला. या प्रश्नाचा इतिहास मला त्या प्याल्याच्याही मागे नेतो.

मुलगा बापाचे पाहून पितो, की रक्तातूनच काही येते? हा तिढा सोडवायला डोनाल्ड गुडविन यांनी डेन्मार्कमधले दत्तक गेलेले मुलगे निवडले. जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत ते आईवडिलांपासून दुरावले होते. १९७३ साली निष्कर्ष आला : जन्मदात्यांपैकी एक मद्यासक्त असलेल्या ५५ जणांत १८ टक्के मद्यासक्त झाले, तुलनेसाठी घेतलेल्या दत्तकांत ५ टक्के.

रक्तातून येते ते मेंदूत दिसते का, हे न्यूयॉर्कच्या हेन्री बेगलायटर यांनी तपासले. एकसारख्या खुणांमध्ये अचानक वेगळी खूण आली, की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत विजेची एक लाट उठते. तिला 'पी-३००' म्हणतात. जुन्या मद्यपींमध्ये ती खुजी असते, आणि हा दारूचाच परिणाम समजला जाई. बेगलायटर यांनी मद्यासक्त बापांचे ७ ते १३ वर्षांचे मुलगे तपासले. त्यांनी दारू चाखलीही नव्हती, तरी लाट खुजीच होती. १९८४ साली हे प्रसिद्ध झाले आणि कार्यकारणाची जुनी समजूत डळमळली. पुढे १९९५ मध्ये बंगळूरच्या निम्हान्समध्ये विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनाही हेच आढळले : घराण्यातली जोखीम जितकी मोठी, तितकी लाट लहान.

मला सर्वांत बोलका वाटतो तो सॅन दिएगोच्या मार्क शुकिट यांचा अभ्यास. विशीतल्या तरुणांना त्यांनी मोजून मद्य दिले, कोणाला किती चढते ते नोंदवले आणि दशकभराने पुन्हा गाठले. मद्यासक्तांच्या मुलांपैकी ज्यांना कमी चढली होती, त्यांतले ५६ टक्के मद्यासक्त झाले होते. ज्यांना जास्त चढली होती, त्यांतले १४ टक्के. आपल्याकडे 'पठ्ठ्या चार पेग पचवतो' हे कौतुकाने सांगतात. पण 'पुरे' म्हणणारी शरीराची सूचनाच त्या पठ्ठ्याला उशिरा मिळते.

म्हणून हे भाकीत ठरते का? नाही. खुजी लाट चंचल, उतावळ्या मुलांतही दिसते. ती एकट्या मुलाचे भविष्य सांगत नाही. शिवाय त्या ५६ टक्क्यांच्या गटातले उरलेले ४४ टक्केही विसरून चालणार नाही. 'तू बापाच्याच वळणावर जाणार' हा शाप या संशोधनातून निघत नाही. निघते ते एवढेच, की मद्यासक्ताच्या घरातल्या तरुणाला कोणीतरी वेळेवर सांगावे : बाबा रे, तुला चढत नाही, हीच काळजीची गोष्ट आहे.