जबड्याच्या सर्जनने कोणतं पुस्तक वाचावं? आधी या गोष्टी तपासा

अडकलेली अक्कलदाढ काढणं, अपघातात मोडलेला जबडा जोडणं, तोंडातल्या गाठीचं ऑपरेशन करणं ही ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जनची कामं. भारतात त्यासाठी बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस करावं लागतं. या विद्यार्थ्यांचा ठरलेला प्रश्न असतो, 'नेमकं कोणतं पुस्तक घेऊ?'

याचं उत्तर एका नावात देता येत नाही. मग पुस्तक पारखायचं कसं?

आवृत्ती कधीची आहे?

काही बिस्फॉस्फोनेट औषधं घेणाऱ्या रुग्णांच्या जबड्याचं हाड उघडं पडून मरतं, याकडे अमेरिकी सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये लक्ष वेधलं. पुढे इतर औषधांचाही असा संबंध दिसला. म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सर्जनांच्या संघटनेने या आजाराचं नावच बदललं. २००३ आधीच्या पुस्तकात हा आजार सापडणार नाही. मोबाईलवर फिरणारी फुकट पीडीएफ अनेकदा जुन्याच आवृत्तीची असते.

आपल्याकडचे आजार आहेत का?

सुपारी आणि गुटख्यामुळे तोंड उघडेनासं होतं. या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. भारतीय विद्यार्थ्याला असे रुग्ण वारंवार भेटतात. त्यामुळे पुस्तकात यावर दोन परिच्छेद आहेत की पूर्ण प्रकरण, हे पाहा.

पुस्तक कशासाठी हवंय?

पीटरसन किंवा फोन्सेका यांच्या नावाचे जाडजूड ग्रंथ संपूर्ण विषयासाठी आहेत. एलिस आणि झाईड यांचं पुस्तक मात्र एकाच प्रश्नावर आहे. चेहऱ्याच्या हाडापर्यंत पोहोचायला छेद कुठून घ्यायचा? पहिला ग्रंथ टेबलावर ठेवून अभ्यासायचा, दुसरं पुस्तक ऑपरेशनच्या आदल्या रात्री उघडायचं.

चुकलं तर काय, हे सांगितलंय का?

खालच्या अक्कलदाढेजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. दाढ कशी काढायची, एवढंच सांगणारं पुस्तक अपुरं आहे. नस दुखावण्याचा धोका एक्स-रेवर कसा ओळखायचा आणि ओठ बधिर राहिला तर पुढे काय करायचं, हेही त्यात हवं.

याचा तुमच्याशी काय संबंध?

दात काढण्याआधी 'हाडांसाठी किंवा कॅन्सरसाठी औषध चालू आहे का?' हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायला हवा. नाही विचारला, तर तुम्हीच सांगा. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.