केशवपन
एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात ब्राह्मण विधवेच्या डोक्यावरचे केस तिचे राहत नसत. तिच्या वेणीमुळे मृत पती परलोकात बांधला जातो, असे स्कंदपुराणातल्या काशीखंडाच्या आधारे सांगितले जाई. वपन, म्हणजे मुंडण, एकदाच करून भागत नसे. केस वाढले की न्हावी पुन्हा येई, आणि परपुरुषापुढे मान झुकवून बसणे जन्मभर चाले. अंगावर आलवण, म्हणजे विधवेचे तांबडे लुगडे, आणि कपाळ मोकळे. सकेशा विधवेच्या हातचे सोवळ्यातले अन्नपाणी कर्मठांना चालत नसे. त्यामुळे कित्येकींना स्वतःचेच केस अपवित्र वाटत. रूढीची खरी पकड इथे होती. वपनाला राजी नसलेल्या बाईवर घरातल्या बायकाच दडपण आणत, हेही विसरता येत नाही.

विधवांच्या या हालांविरुद्ध प्रयत्नही झाले. जोतीराव फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात ब्राह्मण विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे ठरले. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारक’ पत्रातून या चालीवर कोरडे ओढले, हरी नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीने ती यातना मध्यमवर्गीय घरांत पोहोचवली. तरीही आलवणातल्या सोवळ्या आज्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक घरांत दिसत.