कंपनीचा जंगलसाहेब

हल्ली मोठ्या कंपन्यांत 'चीफ सस्टेनेबिलिटी ऑफिसर' असं एक भारदस्त पद असतं. (मराठीत 'शाश्वतता अधिकारी' म्हणावं तर ते एखाद्या सरकारी खात्याचं नाव वाटतं.) ही कल्पना गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली, असं मानतात. मला ते पटत नाही. आमच्या शहापूर-मुरबाडसकट अख्ख्या मुंबई इलाख्याच्या जंगलांवर असा एक साहेब १८४७ सालीच नेमला होता, आणि तोही एका कंपनीने. ईस्ट इंडिया कंपनीने!

डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचं नाव. हा मूळचा सर्जन. पुण्याजवळ दापोडीला कंपनीची वनस्पतीबाग होती, ती तो सांभाळायचा. आता कंपनी म्हणजे तेव्हाचं सरकारच, हे खरं. १८३३ च्या कायद्याने तिचा व्यापार बंद झाला होता. पण भागधारक होतेच, आणि त्यांचा साडेदहा टक्के लाभांश इथल्या महसुलातून जायचा. म्हणजे गिब्सनच्या डोक्यावर लंडनचं संचालक मंडळ होतंच की.

माणूस अभ्यासू होता. जंगल तुटलं की झरे आटतात, पाऊसपाण्यावर परिणाम होतो, हे त्याने कोकण बघून वरिष्ठांना कळवलं होतं. पण त्याचं पद निर्माण झालं ते झऱ्यांसाठी नव्हे, मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी सागवान पुरत राहावं म्हणून. पुढे रेल्वे आली. १८५४ ला कल्याण, १८६१ पर्यंत आमचं कसारा. तिलाही लाकूड हवंच होतं.

मग आवरायचं कोणाला? डोंगरउतारावर झाडोरा जाळून नाचणी-वरी पिकवणाऱ्याला. कुमरी शेतीवर बंधनं गिब्सनच्याच काळात आली. १८५८ ला कंपनीचं राज्य गेलं, पण जंगल खातं वाढतच राहिलं. १८७८ च्या कायद्यानंतर तर ठाणे जिल्ह्यात राबावरून रण माजलं. ज्यांना राब ठाऊक नाही त्यांच्यासाठी: भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळतात. आमच्याकडे आजही करतात. फांद्या तोडायला बंदी म्हणजे भाताचं रोपच बंद! महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगल खात्यावर टीका केली ती १८८३ ची. शेवटी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी ऐकायला सरकारला १८८५ मध्ये 'बॉम्बे फॉरेस्ट कमिशन' नेमावं लागलं.

गिब्सन वाईट होता असं मला म्हणायचं नाही. १८६१ साली डाल्झेलबरोबर त्याने मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ काढला, आणि झाडांवर त्याचा जीव होता हे उघड आहे. पण ज्याच्याकडून पगार घ्यायचा त्याची भूक कमी करायला सांगणं अवघड. त्या मानाने उतारावरच्या कातकरी-ठाकराला 'नाही' म्हणणं सोपं. आजच्या अधिकाऱ्याची खुर्ची संचालक मंडळाच्या किती जवळ आहे, याची चर्चा खूप होते. तो कारखान्याचा विस्तार थांबवू शकतो का, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

२०२२-२३ पासून सेबीने पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना एक लांबलचक अहवाल सक्तीचा केला आहे. पाणी किती उपसलं, कचरा किती केला, सगळं भरायचं. त्यात आसपासच्या गावकऱ्यांच्या तक्रारींसाठीही एक रकाना आहे. मी चाळलेल्या चार-दोन अहवालांत तिथे शून्य लिहिलेलं होतं.