मारेमा-त्लोऊ

चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेलं लेसोथो हे छोटं डोंगरी राज्य. क्षेत्रफळ सुमारे तीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम एक दशांश. राजा आहे, लेत्सी तिसरे. पण कारभार चालवतं मंत्रिमंडळ, आणि २०१२ पासून तिथं आलेलं प्रत्येक मंत्रिमंडळ एकाहून अधिक पक्षांचं आहे. आपली वर्तमानपत्रं अशा सरकारला कधी युतीचं म्हणतात, कधी आघाडीचं. पण तिथल्या भाषेत, सेसोथोत, सत्तेसाठी जे शब्द आहेत ते उलगडून पाहिले की त्या सरकारांचं दुखणं अधिक नेमकं कळतं.

आधी देशाचं नावच घ्या. तिथला एक माणूस मोसोथो, अनेक असले की बासोथो, त्यांची भाषा सेसोथो आणि भूमी लेसोथो. मूळ शब्द एकच, अर्थ फिरतो तो पुढं लागलेल्या अक्षरानं. उच्चार मात्र ‘लेसूथू’च्या जवळ जातो. त्यातला ‘थ’ हा खरोखरचा महाप्राण आहे. रोमन लिपी वाचणारा बाहेरचा माणूस हमखास अडखळतो, आपल्या देवनागरीत तो सहज बसतो.

मंत्र्याला सेसोथोत ‘लेतोना’ म्हणतात, अनेक मंत्री ते ‘मातोना’. पंतप्रधान ‘तोना-खोलो’, खोलो म्हणजे मोठा. यातला ‘तोना’ मुळात नर या अर्थाचा. शरीराच्या दोन बाजूंना नावं देताना बासोथोंनी उजव्या बाजूला नराचं नाव दिलं आणि डाव्या बाजूला मादीचं. त्यामुळे उजवी बाजूही लेतोना आणि मंत्रीही लेतोना. आपण एखाद्याला साहेबांचा उजवा हात म्हणतो, तो अर्थ या शब्दात आयताच ऐकू येतो. सरदाराच्या शेजारी बसणारा, त्याचा भरवशाचा माणूस.

एका सरदाराच्या राज्यात हा शब्द चपखल बसतो. अनेक पक्षांच्या मंत्रिमंडळात मात्र प्रश्न उभा राहतो: उजवा हात, पण कोणाचा? मे २०१२च्या निवडणुकीत पाकालिथा मोसिसिली यांचा डेमोक्रॅटिक काँग्रेस हा पक्ष ४८ जागा घेऊन सर्वांत मोठा ठरला, पण १२० जागांच्या सभागृहात बहुमत त्याला मिळालं नाही. मग टॉम थाबाने यांच्या पक्षाच्या ३०, मोथेत्जोआ मेत्सिंग यांच्या पक्षाच्या २६ आणि थेसेले मासेरिबाने यांच्या पक्षाच्या ५ अशी बेरीज झाली. एकूण ६१. निम्म्याहून एक जास्त. थाबाने तोना-खोलो झाले, मेत्सिंग उपपंतप्रधान झाले आणि स्थानिक स्वराज्याचं खातं त्यांच्याकडं आलं. मासेरिबाने यांच्याकडं युवक आणि क्रीडा. खाती वाटली गेली ती पक्षांना, माणसं नेमली पक्षांनी. अशा लेतोनाची निष्ठा आधी पक्षनेत्याशी, मग पंतप्रधानाशी. ३० आणि २६ यांत अंतर तरी किती? कोणी कोणाचा हात व्हायचं, हे शेवटपर्यंत ठरलंच नाही.

आपला ‘मंत्री’ इथं उपयोगी पडतो. तो मंत्रापासून आला, आणि राज्यशास्त्रातला मंत्र म्हणजे मसलत, बंद दाराआड केलेला विचार. ‘कॅबिनेट’चंही तेच: मूळ अर्थ आतली छोटी खोली. दोन्ही शब्दांत एकत्र बसून बोलणं गृहीत धरलेलं आहे. मेत्सिंग यांची तक्रार नेमकी हीच होती की पंतप्रधान मोठे निर्णय सहकाऱ्यांना न विचारता घेतात. दोन वर्षांत फाटलं. अविश्वासाचा ठराव येणार असं दिसताच जून २०१४मध्ये थाबाने यांनी संसदेचं कामकाज नऊ महिन्यांसाठी तहकूब करवलं. ३० ऑगस्टला लष्करानं पोलीस ठाण्यांवर चाल केली आणि पंतप्रधान सीमा ओलांडून दक्षिण आफ्रिकेत गेले. दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी मध्यस्थी केली, आणि मुदतीच्या दोन वर्षं आधी, फेब्रुवारी २०१५मध्ये, निवडणूक झाली. सगळ्याची सुरुवात झाली होती ती मसलत थांबली तिथून.

आता युती आणि आघाडी. आघाडी ‘अग्र’पासूनची: फौजेची पुढची फळी. घोड्याच्या पुढच्या पायांना बांधायच्या दोराला अगाडी म्हणतात, मागच्याला पिछाडी. म्हणजे या शब्दात कोणीतरी पुढं असतं आणि कोणीतरी मागं. युतीत तसा क्रम नाही. ती पंचांगातून आली. दोन ग्रह आकाशात जवळ दिसले की युती. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये कोट्यवधी किलोमीटर असतात आणि जो तो आपापल्या कक्षेत फिरत असतो. तिच्या मुळाशी असलेला संस्कृत धातू ‘यु’ तर फार विलक्षण आहे. धातुपाठात त्याचा अर्थ मिसळणं असा दिला आहे आणि न मिसळणं असाही. एकाच धातूत जुळणं आणि वेगळं राहणं! ‘कोअलिशन’ लॅटिनमधून आला, तिथं अर्थ आहे एकत्र वाढणं, जखमेच्या कडा सांधून येतात तसं. त्याला वेळ लागतो, आणि लेसोथोच्या सरकारांना वेळ कधी मिळालाच नाही. २०१५मध्ये मोसिसिली यांनी सात पक्षांची मोट बांधली. ४७ जागांचा एक, १२ जागांचा एक, २ जागांचा एक आणि प्रत्येकी एका जागेचे चार, मिळून ६५. मार्च २०१७मध्ये ते सरकारही अविश्वासाच्या ठरावात पडलं.

या सगळ्या शब्दांहून मला मोलाचा वाटतो तो सेसोथोतला ‘मारेमा-त्लोऊ’. रेमा म्हणजे तोडणं, घाव घालणं. त्लोऊ म्हणजे हत्ती. मारेमा-त्लोऊ म्हणजे हत्तीवर घाव घालणारे. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे, म्हणून त्याच्या जोडीला ‘एक आवाज’ या अर्थाचा ‘न्त्सोए-लेंग’ येतो, आणि दोन्ही मिळून अर्थ होतो एकजूट. या शब्दात कोण पुढं, कोण कोणाच्या उजवीकडं, याची दखलच नाही. हत्ती समोर आहे आणि हाक एकच आहे, एवढंच.

बासोथो राष्ट्र जन्मलं ते याच रीतीनं. १८२०च्या दशकात लढाया आणि दुष्काळानं उधळलेल्या निरनिराळ्या कुळांच्या माणसांना मोशोएशोए या सरदारानं थाबा-बोसिऊ या सपाट माथ्याच्या डोंगरावर आसरा दिला. (मोशोएशोए हे नावही ध्वनीवरून पडलेलं: वस्तऱ्यानं दाढी उतरवताना होणारा श्वे-श्वे आवाज. दुसऱ्याची गुरं सफाईनं पळवली, जणू त्याची दाढीच उतरवली, म्हणून.) मोठा निर्णय असला की ‘पित्सो’ भरे. ‘बित्सा’ म्हणजे बोलावणं, पित्सो म्हणजे बोलावून भरवलेली सभा. तिथं माणसं सरदारालाही तोंडावर बोल लावत आणि तो ऐकून घेई. परक्या कुळांची माणसं त्याच्याजवळ टिकून राहिली, त्यात या ऐकून घेण्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. मेत्सिंग यांची तक्रार या पार्श्वभूमीवर वाचली की तिचं वजन वाढतं. ते मागत होते ते काही नवं नव्हतं.

मारेमा-त्लोऊ हा शब्द पुढं राजकारणात आला तो एका पक्षाचं नाव होऊन: मारेमात्लोऊ फ्रीडम पार्टी. स्वातंत्र्याआधीच्या १९६५च्या निवडणुकीत ६० जागांपैकी बासुटोलँड नॅशनल पार्टीनं ३१ जिंकल्या, बासुटोलँड काँग्रेस पार्टीनं २५. त्याही वेळी बहुमत निम्म्याहून एका जागेचंच होतं. सगळ्यांनी मिळून हत्ती पाडण्याचं नाव धारण केलेल्या पक्षाला उरलेल्या चार मिळाल्या.