हरकी, गुन्हेगारी आणि दाव्याचा खर्च
(कल्याण प्रांतांतील न्यायव्यवहाराचें एक उपेक्षित अंग)

जुन्या दफ्तरांचा शोध घेणाऱ्यांचें लक्ष स्वाभाविकपणेंच निवाडपत्रांकडे, महजरांकडे व वतनी सनदांकडे जातें. त्याच रुमालांतून मसाल्याच्या चिठ्या, भत्त्याच्या यादी, हरकीच्या हप्त्यांचे कतबे असे चार चार ओळींचे कागद निघतात. ते "किरकोळ" या सदराखालीं बांधून ठेवण्याची, किंवा वाळवीच्या हवालीं करण्याची, चाल पडली आहे. वाद कोणी जिंकला हें निवाडपत्र सांगतें. तो जिंकण्यास काय पडलें व तें कोणी दिलें, हें मात्र या किरकोळ कागदांवांचून कळत नाहीं. न्याय कोणास परवडत होता हा प्रश्न इतिहासाचा आहे असें मानलें, तर या कागदांची योग्यता निवाडपत्राहून कमी ठरत नाहीं. त्यांचा अर्थ लावण्यास साह्य व्हावें एवढ्याकरितां हा अल्प लेख आहे.

विवेचनासाठीं कल्याण प्रांत घेतला आहे, व त्यांतही उल्हास नदीकांठचें मोहने हें गांव डोळ्यांपुढें ठेवलें आहे. कारण असें कीं, मोहन्याच्या परिसरावरून कागदोपत्रीं पुष्कळ अंमल गेले. इ. स. १६५७ त कल्याण शिवाजीमहाराजांनीं घेतलें. पुढें मोंगलाई, नंतर पेशवाई, आणि १८१७ च्या जून महिन्यांतील पुण्याच्या तहानें कंपनी सरकार. अंमल बदलला म्हणजे दाव्याच्या खर्चाची रीतही बदलली. म्हणून तुलनेस हा प्रदेश सोयीचा आहे.

(१) मराठी अमलांतील खर्चाचीं अंगें

मराठी अमलांत वादास जो खर्च पडे त्याचे स्थूलमानानें दोन भाग पडतात : वाद चालत असतांनाचा व वाद तुटल्यानंतरचा.

पहिल्या भागांत मुख्य बाब मसाल्याची. प्रतिवादीस बोलावण्यास हुजुरांतून अथवा सुभ्यांतून जो प्यादा किंवा स्वार जाई, तो मोहसल. त्याची मजुरी व पोटगी ज्याच्यावर तो गेला त्यानें द्यावयाची; हाच मसाला. वादी-प्रतिवादी हजर झाले म्हणजे त्यांच्याकडून राजीनामे, जामीनकतबे व तकरीरा घेत. मग साक्षीदार आणावयाचे. त्यांचा प्रवास व शिधा ही दुसरी बाब. एखाद्यास निवाड्यांत पक्षपात झाला असें वाटून त्यानें नवें थळ मागितलें, तर हा सारा खर्च पुन्हां नव्यानें पडे. मोहन्याच्या कुणब्यास कल्याणच्या सुभ्यापर्यंत जाणें एका प्रहराचें काम होतें. तोच वाद पुण्यास हुजूर गेला, तर घाट चढून जावें लागे, व शेतीचा हंगाम बुडे तो निराळाच.

दुसऱ्या भागांत हरकी व गुन्हेगारी. जिंकणाऱ्यानें सरकारांत जी रक्कम भरावयाची ती हरकी; हरीख या शब्दाशीं तिचें नातें उघड दिसतें. कांहीं कागदांत तिलाच शेरणी म्हटलें आहे. हरणाऱ्यानें भरावयाची ती गुन्हेगारी. येणें रकमेच्या वादांत सरकार वसुलाचा चतुर्थांशही घेई.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. हरकी व गुन्हेगारी या दोन्ही रकमा सरकारच्या. हरणाऱ्याच्या गुन्हेगारीतून जिंकणाऱ्याचा खर्च भरून निघत नसे. जिंकणारा आपला खर्च आपण सोशी, आणि वर हरकी देई. आजच्या अर्थानें "खर्चासह दावा मंजूर" ही कल्पना या पद्धतींत सामान्यतः नाहीं.

(२) हरकी म्हणजे लांच काय ?

माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ त पेशव्यांपासून जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत या रकमांचा उल्लेख आहे. तो व तत्सम इंग्रजी लेख वाचून हरकी ही न्यायाधीशास दिलेली लांचच होती, असा ग्रह कित्येकांचा झालेला आहे. तो टिकण्यासारखा नाहीं. लांचेस मराठी दफ्तराचा स्वतंत्र शब्द आहे, तो "अंतस्थ". अंतस्थ ही गुप्तपणें द्यावयाची, व्यक्तीच्या पदरीं पडणारी. हरकी उघड ठरे, तिचा कतबा होई, ती हप्त्यांनीं भरतां येई, व ती सरकारच्या जमेस पडे. ज्या रकमेचा जमाखर्च आहे तिला अंतस्थाच्या पंक्तीस बसवणें शब्दार्थास सोडून आहे.

परंतु याच्या उलट बाजूस जाऊन हरकी निर्दोष होती असेंही म्हणतां येत नाहीं. तिला ठराविक कोष्टक नव्हतें. देणाऱ्याची ऐपत व वादाचें महत्त्व पाहून ती ठरे. ऐपत पाहणें यांत दया आहे, तशीच मनमानीही आहे. कारण ऐपत पाहणारा आणि रक्कम घेणारा एकच. रक्कम जड वाटली तर दाद मागण्याचा मार्ग म्हणजे वरिष्ठाकडे अर्ज करून सूट मागणें हा होता. फेरतपासणीचा हक्क नव्हता; मेहेरबानी होती.

(३) शास्त्रांतील मूळ

ही पद्धत मुसलमानी अमलांतून आली असें "गुन्हेगारी" या फारशी वळणाच्या शब्दावरून वाटेल. शब्द परका असला तरी वस्तु जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या ऋणादानप्रकरणांत असें सांगितलें आहे कीं, ऋण नाकबूल करून जो हरला त्याकडून सिद्ध झालेल्या रकमेच्या शेंकडा दहा, व ज्यास आपलें धन मिळालें त्या धनकोकडून शेंकडा पांच राजानें घ्यावे. विज्ञानेश्वर मिताक्षरेंत याचा खुलासा करतो कीं, पहिलें घेणें दंडरूप व दुसरें भृतिरूप, म्हणजे राजानें केलेल्या कामाची मजुरी. हरणारा दंड देतो आणि जिंकणारा मजुरी देतो. गुन्हेगारी व हरकी यांचें तत्त्व हेंच. प्रमाण निराळें, तत्त्व एक. (मिताक्षरेचें कल्याण तें चालुक्यांचें बसवकल्याण, आपलें खाडीकांठचें नव्हे, ही गल्लत अद्याप होते म्हणून नमूद केलें.)

मात्र आपल्या प्रांतासही या स्मृतीचा अभिमान सांगण्यास जागा आहे. उत्तर कोंकणचा शिलाहार राजा अपरादित्य यानें बाराव्या शतकांत याच स्मृतीवर मोठी टीका लिहिली. ती अपरार्क या नांवानें प्रसिद्ध आहे. ठाणें, म्हणजे तत्कालीन श्रीस्थानक, त्याच्याच राज्यांत होतें.

याहून विशेष असा आधार कौटिल्याचा. अर्थशास्त्राच्या धर्मस्थीय अधिकरणांत पुरुषांची भृति व वाटेचें भोजन या दोन बाबी स्वतंत्रपणें मोजून, त्या दोन्ही हरणाऱ्यानें द्याव्या असें विधान आहे. वाटेचें भोजन त्या वेळच्या बाजारभावानें धरावयाचें. दंड निराळा व खर्च निराळा, हा विवेक येथें स्पष्ट आहे. तेव्हां हरणाऱ्यावर खर्च बसवणें ही कल्पना इंग्रजांनीं प्रथम आणली असें म्हणतां येत नाहीं.

फेरतपासणीचें बीजही स्मृतींत आहे. न्यायानें हरला असूनही "मी हरलों नाहीं" असें म्हणून जो पुन्हां उभा राहील व पुन्हां हरेल, त्यास दुप्पट दंड. आणि निवाडाच वाईट ठरला तर सभ्यांस जिंकणाऱ्यासह दंड. दुसऱ्या कलमासारखी जबाबदारी आजच्या कोणत्याही न्यायाधीशावर नाहीं !

(४) खाडीच्या दोन तीरांवर

इ. स. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला व साष्टी त्यांच्याकडे राहिली. कल्याण १७८० त त्यांनीं घेतलें, पण १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें परत आलें. यामुळें १८१७ पर्यंत खाडीच्या एका तीरीं कंपनीचा कायदा व दुसऱ्या तीरीं हरकी-गुन्हेगारी, असा प्रकार होता.

१८२७ चे एल्फिन्स्टनचे रेग्युलेशन लागू झाले आणि हरकीच्या जागीं स्टांप आला. मुख्य फरक दोन. हरकी वाद तुटल्यावर पडे, स्टांप वाद सुरू होण्यापूर्वींच लागे. हरकी जिंकणाऱ्याच्या पदरची जाई, स्टांपाची रक्कम हरणाऱ्याकडून परत मिळण्याची आशा असे. १८५९ च्या दिवाणी कायद्यानें व १८७० च्या कोर्ट फी कायद्यानें ही घडी पक्की बसली. मोहन्याच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर पूर्वीं न्यायाच्या शेवटीं पैसे लागत, आतां दारांतच लागूं लागले. निर्धनास फीवांचून दावा लावण्याची सवलत कायद्यांत ठेवली, ती याच कारणानें.

(५) आजची आकारणी व तपासणी

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचें ३५ वें कलम खर्च कोणी, किती व कोठून द्यावा हें न्यायालयाच्या विवेकावर सोपवतें. परंतु जिंकणाऱ्यास खर्च न दिल्यास कारण लेखी नमूद केलें पाहिजे. मराठी पद्धतींत जें नव्हतें तें हें : कारण लिहिण्याचें बंधन. लिहिलेलें कारणच वरिष्ठ न्यायालयास तपासतां येतें. हुकूमनाम्याखालीं खर्चाचें कोष्टक जोडलेलें असतें. त्यांत स्टांप, समन्साची फी, साक्षीदारांचा भत्ता व वकिलाची ठराविक फी दोन रकान्यांत मांडतात. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेंत बिलांची छाननी करण्यास टॅक्सिंग मास्टर हा स्वतंत्र अधिकारी असे. केवळ खर्चापुरतें अपील सामान्यतः चालत नाहीं. तत्त्वाची चूक असली तरच वरिष्ठ न्यायालय हात घालतें.

खोट्या दाव्यांस आळा म्हणून १९२२ त ३५-अ हें कलम आलें. मर्यादा एक हजार रुपये. १९७६ त ती तीन हजार झाली. याज्ञवल्क्याच्या दुप्पट दंडापुढें ही रक्कम अगदींच लहान. सर्वोच्च न्यायालयानें २००५ त सांगितलें कीं, खर्च वाजवी व प्रत्यक्ष झालेला असावा. परंतु २०११ त दिल्लीहून आलेल्या एका प्रकरणीं हायकोर्टानें दिलेला ४५,२८,००० रुपयांचा प्रत्यक्ष खर्च त्याच न्यायालयानें रद्द केला. नियमांत ज्यास आधार नाहीं असा खर्च, वाजवी वाटला तरी, बसवतां येत नाहीं, हें त्याचें तात्पर्य. त्यानंतर लॉ कमिशननें २०१२ त या विषयावर २४० वा अहवाल दिला, आणि २०१५ च्या कायद्यानें व्यापारी वादांपुरतें ३५ वें कलम नव्यानें घडवून पक्षकारांचें वर्तन विचारांत घेण्यास सांगितलें.

हा विषय केवळ वकिलांचा नव्हे. मोहन्याचा नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ त बंद पडला व कामगारांच्या देण्यांचे प्रश्न न्यायासनांपुढें गेले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेंत विक्रीच्या पैशांतून प्रथम प्रक्रियेचा खर्च काढतात, मग कामगारांचा व तारण धनकोंचा क्रम लागतो. खर्च किती धरला यावर मागच्यांच्या वाट्यास काय उरतें हें ठरतें. हरकीच्या कतब्यांत जो प्रश्न आहे तोच हा.

(६) निष्कर्ष

एकंदरींत तीन गोष्टी दिसतात. हरकी ही लांच नसून शास्त्रोक्त भृतीचें रूपांतर होय. हरणाऱ्यावर खर्च बसवण्याची कल्पना कौटिल्याइतकी जुनी असून, मराठी अमलांत ती मागें पडली व इंग्रजी अमलांत पुन्हां पुढें आली. आणि खर्चाची आकारणी न्याय्य होण्यास रकमेचें लहानमोठेपण पुरत नाहीं. कोष्टक, लेखी कारण व ते तपासणारा तिऱ्हाईत, हीं तीन लागतात. पहिल्या दोहोंचा अभाव मराठी पद्धतीस भोंवला. आजच्या पद्धतीस कोष्टकाचा तोकडेपणा भोंवत आहे.

हे निष्कर्ष कसाला लावण्याचें साधन ज्यांच्या घरीं जुनीं दफ्तरें आहेत त्यांच्याच हातीं आहे. कल्याण, भिवंडी व मुरबाड भागांतील संग्राहकांस विनंति अशी कीं, निवाडपत्राबरोबर त्याची हरकीची चिठी, मसाल्याची यादी व हप्त्याची पावती एकत्र ठेवावी, रुमाल फोडून वेगळी करूं नये. निवाडपत्राची नक्कल दुसरीकडे मिळूं शकेल. ती चार ओळींची पावती बहुधा एकच असते.