‘वत्स’ शब्दाचा संसार

‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात कण्व सासरी निघालेल्या शकुंतलेस ‘वत्से’ म्हणून संबोधितो, तेव्हा तो मुलीला वासराच्या नावाने हाक मारीत आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. किंबहुना शब्दाच्या अगदी मुळाशी वासरूही नाही. आहे तो केवळ कालाचा हिशेब. ‘संवत्सर’ शब्दातील ‘वत्सर’ म्हणजे वर्ष. ग्रीक भाषेत वर्षाला ‘एतोस’ म्हणत, लॅटिनमध्ये वासराला ‘वितुलुस’; ही सारी एकाच कुळातील मंडळी होत. तेव्हा ‘वत्स’ म्हणजे वर्षाचे जनावर, हा भाषाशास्त्रज्ञांचा तर्क मला पटतो. जनावराची पहिली ओळख त्याच्या वयावरून व्हावी, यात नवल नाही. बाजारात बैल अजूनही दातांवरूनच पारखतात.

मग या रुक्ष हिशेबात माया आली कोठून? माझ्या मते ती गोठ्यात आली. आपल्याकडील गाय बहुधा वासरू पुढे असल्यावाचून पान्हा सोडीत नाही. ते दगावले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करीत. आणि ती बिचारी ते चाटीत दूध देई. ज्या समाजाचे दूधतूप अशा ओढीवर अवलंबून, त्याला मायेची दुसरी उपमा कशाला सुचेल? ऋग्वेदातही वासराकडे हंबरत येणारी गाय पुनःपुन्हा भेटते. वासरासाठी आसुसलेली ती ‘वत्सला’ आणि तिचा भाव ते ‘वात्सल्य’. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वत्सल हा स्वतंत्र रस मानला, आणि गोठ्यातला शब्द साहित्यशास्त्राच्या दिवाणखान्यात येऊन बसला.

त्याचे दुसरे रूप मात्र गोठ्यातच राहिले. प्राकृतात ‘वत्स’चा ‘वच्छ’ झाला. त्यातील ‘छ’ हिंदीने राखला, मराठीने त्याचा ‘स’ केला. म्हणून तिकडे मछली, रीछ आणि बछडा. इकडे मासा, रीस आणि वासरू. अलीकडे आपली वर्तमानपत्रे वाघिणीच्या पिलांना ‘बछडे’ म्हणतात. घरात ‘छावा’ असताना वाघिणीच्या लेकराला तिच्याच भक्ष्याचे नाव उसने आणून द्यावे, ही गंमतच म्हणावयाची!

उलट, गोवत्सद्वादशीच्या नावातला ‘वत्स’ लोकांच्या तोंडून गळाला आणि तिची वसुबारस झाली. पूजा मात्र अद्यापि सवत्स धेनूचीच होते, आणि व्रतस्थ स्त्रिया त्या दिवशी गाईचे दूधतूप वर्ज्य करितात.