सागरी मत्स्यालयातील नायट्रोजन चक्राची पुनर्स्थापना

दीर्घकाळ वीज खंडित झाल्याने किंवा गाळणी नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतल्याने खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील उपयुक्त जिवाणू नष्ट झाल्यास ते पुन्हा वाढवावे लागतात. यास सहसा ४ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत विष्ठा व उरलेल्या अन्नापासून होणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेटमध्ये पुरेसे रूपांतर होत नाही. सागरी पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असल्याने उदासीन गोड्या पाण्यापेक्षा येथे अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात राहतो. नायट्राइट मात्र क्लोराइडमुळे तुलनेने कमी घातक ठरते.

या काळात कोळंबी, प्रवाळ, तारामासे आदी अपृष्ठवंशी प्राणी शक्यतो परिपक्व गाळणी असलेल्या दुसऱ्या टाकीत हलवतात. तारामाशांना शरीरातील क्षारांचे नियमन फारसे करता येत नाही; म्हणून नव्या टाकीचे पाणी थेंबथेंब मिसळून त्यांना सरावू द्यावे लागते. दुसरी टाकी नसल्यास अन्न कमी करून, अमोनिया रोज तपासून पाणी अंशतः बदलत राहावे लागते.

माशांच्या परजीवींवरील तांबेयुक्त औषधे येथे पूर्णतः वर्ज्य आहेत. कोळंबीच्या रक्तातील हिमोसायनिनमध्ये तांबे असते खरे, पण पाण्यात विरघळलेले तांबे तिला प्राणघातक ठरते. चुनखडीयुक्त खडक व वाळू तांबे शोषून घेतात आणि नंतर ते पाण्यात सोडू शकतात. त्यामुळे असे औषध पूर्वी वापरलेली टाकीही या प्राण्यांसाठी धोक्याची असते.